ठकूमावशीचा लिंब आणि माझं औषध

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मामांनी विचारलं, "मुलगा नेमकं काय काम करतो?" माझे काका जरा घुटमळले आणि म्हणाले, "पिंपरीला कारखान्यात झाडांचं बघतो." मामांना ते फार आवडलं. झाडांचं बघणारा म्हणजे मनाने मऊ असणार, असं ते घरी जाऊन म्हणाले, हे मला पुढे बायकोकडून कळलं. काका खोटं बोलले नव्हते. मी झाडांचंच बघत होतो. ती पुन्हा उगवणार नाहीत, एवढं बघत होतो.

माझं काम खुंट, म्हणजे तोडलेल्या झाडांचे जमिनीत उरलेले बुंधे, मारण्याचं. पन्नासच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहू लागले, तेव्हा हे काम नव्यानेच निघालं होतं. निगडीकडे तर नुसतं रान होतं, संध्याकाळी एकट्याने तिकडे कोणी जात नसे. कारखान्यासाठी जमीन मोकळी करायची म्हणजे आधी झाडं पाडायची. झाड पाडणं सोपं असतं. दोन माणसं, एक करवत, एक दोर, अर्धा दिवस. खरी पंचाईत नंतर सुरू होते. बाभूळ, शिरीष, कडुलिंब, बेल ही मंडळी तोडली म्हणून मरत नाहीत. पंधरा दिवसांत खुंटाला धुमारे फुटतात. वरचे धुमारे छाटले की मुळ्या जमिनीखालून हातपाय पसरतात. नव्या फरश्या उचलतात, भिंतीला तडे देतात आणि गटाराच्या पाइपाच्या सांध्यात केसासारखी बारीक मुळी घालून वर्षभरात आत झाडूएवढा पुंजका करून ठेवतात. खुंट खणून काढायचा तर चार माणसांचे आठ दिवस, आणि शेजारी नवी भिंत असली की सुरुंग लावायचीही सोय नाही. म्हणून परदेशातून औषध आलं.

आम्ही सगळे त्याला औषधच म्हणायचो. विष म्हटलं असतं तर हात लावायला कोणी पुढे आलं नसतं.

मी मूळचा कोकणातला, लांज्याकडचा. बाविसाव्या वर्षी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात माळी म्हणून लागलो. सातवी पास होतो, अक्षर बरं होतं. आमचे ओव्हरसियर बापटसाहेब यांनी एक दिवस बोलावून सांगितलं, "गणपत, पंधरा दिवस ट्रेनिंगला जायचं. डब्यावरचं वाचता येईल असा माणूस हवाय." माझी निवड झाली ती एवढ्यासाठी.

ट्रेनिंग पुण्याबाहेरच्या एका सरकारी प्रयोगशेतावर होतं. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले आम्ही चौघे. शिकवायला कोणी जाड चष्म्याचे साहेब असतील अशी आमची समजूत, तर समोर एक बाई उभ्या. वत्सलाबाई. चाळिशीच्या आतबाहेर, सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. वनस्पतिशास्त्राच्या मोठ्या परीक्षा दिलेल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं ते त्यांनी पाहिलं. आम्हाला शेताच्या टोकाला नेऊन त्यांनी एक शिरीष आमच्यासमोर कापायला लावला आणि म्हणाल्या, "आता बसा आणि खुंटावरून बोट फिरवा. ओलं कुठे लागतंय?"

आम्ही चार बाप्ये खुंटाभोवती उकिडवे बसून बोटं फिरवायला लागलो. मधे कोरडं होतं. ओल होती ती कडेला, सालीच्या अगदी आत, एक गोल रेघ.

"झाडाचा जीव तिथे आहे," बाई म्हणाल्या. "मधलं लाकूड घराच्या खांबासारखं असतं. उभं राहायला लागतं, पण त्यात आता जीव नाही. लोक डबाभर औषध मधोमध ओततात आणि मग म्हणतात, झाड मरत नाही. ह्या रेघेला हात घातलात तर चमच्याने काम होतं. झाड कुठे जगतं ते आधी बोटाला कळू दे. मग औषधाचं बघू."

पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला औषधाचा डबा दाखवलासुद्धा नाही.

मग हळूहळू सगळं शिकवलं. ते औषध जाड मिठासारखं होतं, पाण्यात विरघळवायचं. लोखंड आणि पितळ खाऊन टाकायचं, म्हणून मातीच्या नाही तर एनॅमलच्या भांड्यात कालवायचं. कापल्यावर पाव तासाच्या आत कुंचल्याने कडेची रेघ भिजवायची, कारण उशीर झाला की झाड आपली जखम आतून बंद करून घेतं. खुंट जुना असला तर वरचा पापुद्रा पुन्हा कापून ताजा करायचा. पाऊस नको, वारा नको, जवळ विहीर नको. हातमोजे घालून विडी ओढायची नाही. रिकामा डबा कोणी कितीही मागितला तरी द्यायचा नाही, ठेचून पुरायचा. औषध घातलेल्या जागेजवळचा पाला वर्षभर माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी एक वाक्य वहीत लिहून घ्यायला लावलं : खुंटाला औषध घालण्याआधी त्याचे नातेवाईक मोजा.

मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. अर्थ मात्र डोक्यात शिरला नाही.

परीक्षा गमतीची होती. प्रत्येकाला एक खुंट दिला. औषध घालायचं आणि घरी जायचं. तीन महिने खुंट फुटला नाही तर पास. चौघांतल्या एकाचा फुटला, त्याला पुन्हा पंधरा दिवस यावं लागलं. आम्हा तिघांना कागद मिळाला. बाईंची त्यावर सही होती, पण आम्हाला पास केलं ते त्या मुक्या खुंटांनी.

परत आलो तो मोठ्या ऐटीत. हातमोजे, रबरी बूट, कुलपाची पेटी. गवंडी, फिटर सगळे "डॉक्टर आले" म्हणून चेष्टा करायचे आणि मला ती चेष्टा मनातून आवडायची. पहिल्या वर्षात दीडशे तरी खुंट मारले असतील. एकही फुटला नाही.

त्या ऐटीतच माझ्या हातून एक गोष्ट घडली.

आमच्या कुंपणाच्या आत एक बेल तोडलेला होता. त्याच्या खुंटाला मी औषध घातलं, नेहमीसारखं नेमकं, स्वच्छ. कुंपणाबाहेर तीसेक फुटांवर महादेवाचं एक लहानसं देऊळ होतं आणि देवळापुढे दुसरा बेल. दोन महिन्यांनी तो बेल वरून वाळायला लागला. आधी शेंडा, मग एकेक फांदी. श्रावण तोंडावर आला तेव्हा त्या झाडावर देवाला वाहण्याजोगं एक पान राहिलं नव्हतं.

ते पाहिलं आणि वहीतल्या त्या वाक्याचा अर्थ मला एकदम कळला. बेल मुळांतून वाढतो. एका झाडाची मुळी लांब जाऊन वर कोंब काढते आणि त्याचं दुसरं झाड होतं. वरून पाहणाऱ्याला दोन झाडं दिसतात, पण खाली मुळी एकच. मी आईला पाजलेलं लेकराला पोचलं होतं.

देवळाचे गुरव तुकाराम म्हणून होते, साठीचे, काटकुळे. ते समजून बसले की आपल्याच हातून पूजेत काही खोट झाली. त्यांनी सोमवारचे उपास धरले, मग एकादशीचे धरले, मग एकवेळ जेवायला लागले. येताजाता मला थांबवून म्हणायचे, "तुमी झाडातले जाणकार. सांगा की, कसानं वाळलं असंल?" आणि मी म्हणायचो, "काही रोग असेल, मामा." इतकं स्वच्छ खोटं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललो नाही. सांगितलं तर नोकरी जाईल, गाव कारखान्यावर चालून येईल, अशी मी माझी समजूत घालत होतो. खरं म्हणजे मला माझी "डॉक्टर" ही चेष्टा गमवायची नव्हती.

ह्याला सहा-सात महिने झाले असतील. माघाचा महिना. बापटसाहेबांनी मला पूर्वेकडच्या भिंतीशी नेलं. तिथे कारखान्याचं मोठं गटार जात होतं, चिनीमातीच्या पाइपांचं. दोनदा तुंबलं होतं आणि दोन्ही वेळा आतून कडुलिंबाच्या मुळ्यांचे पुंजके निघाले होते. पाइपाला लागूनच खुंट होता, तिघांच्या कवेत मावेल एवढा. वरती धुमाऱ्यांचं रान माजलेलं.

"ह्याला संपव," साहेब म्हणाले. "महिनाअखेर पाइपावर माती ओढायची आहे."

मी भिंतीवरून पलीकडे डोकावलो. वीस-बावीस फुटांवर एक कडुलिंब उभा होता, तरणा, हिरवागार. त्याखाली एक छपराचं घर, एक म्हैस आणि शेण थापत बसलेली एक म्हातारी.

मला देवळापुढचा बेल आठवला. मी वळसा घालून पलीकडे गेलो.

तिचं नाव ठकूबाई. कारखान्यात गेली ती जमीन तिच्याच घरची. उरलेल्या पट्टीवर ती एकटी राहत होती. मुलगा खडकीला कामाला, मुलगी चाकणकडे दिलेली. मी विचारलं, "मावशी, हा लिंब तुम्ही लावलात का?"

"लावतंय कोण?" ती शेणाचे हात पुसत म्हणाली. "आतल्या मोठ्या लिंबाची लेक हाय ती. आमच्या नांगराचा फाळ मुळीला लागला, तितनं उगावली. माझी हिरा आन् ह्यो लिंब एका वर्साचं."

मग तिने न विचारता सगळं सांगितलं. हिरा पाच वर्षांची असताना तिला देवी आल्या. मोठ्या लिंबाचा पाला अंथरून त्यावर पोरीला निजवली, लिंबाच्याच डहाळीने वारा घातला. घरोघरी पोरं गेली, हिरा राहिली. "म्हून मोठा तोडला तवा मी आडवी न्हाई आले," ठकूबाई म्हणाली. "म्हनलं, लेक हाय ना पाठीमागं." आणि झाडाकडे बघून हसली. "हिरा येनार हाय म्हैन्या-दीड म्हैन्यानं. पहिलटकरीन हाय. लिंबाच्या पाल्याचं पानी लागंल तिला न्हायला."

मी कामावर परत आलो आणि साहेबांना म्हणालो, ह्या खुंटाला औषध घालता येणार नाही, बाहेरचं झाड मरेल.

"मग मरू दे," ते म्हणाले. दुष्ट माणूस नव्हता तो, डोक्यावर कामाचा डोंगर होता. "गणपत, मी तुला झाडं मारायला ठेवलाय, वाचवायला नाही. तुला जमत नसेल तर दुसरा कोणी ओतेल डबा."

दुसरा कोणी ओतेल, ह्याचीच मला धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आगगाडीने पुण्याला, तिथून चालत प्रयोगशेतावर गेलो. वत्सलाबाई एका वाफ्यात वाकून बसल्या होत्या. मी कडुलिंबाचं सांगायला गेलो होतो, पण तोंड उघडलं आणि आधी बेलाचंच बाहेर पडलं. देऊळ, गुरव, त्यांचे उपास, माझं खोटं, सगळं. उभ्याउभ्या सांगितलं. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता कागद परत मागतील.

त्यांनी हातातली माती चोळून झाडली. "चूक तुमची एकट्याची नाही," त्या म्हणाल्या. "वाक्य लिहून दिलं, पण मुळी खणून दाखवायला हवी होती. ते माझं राहिलं. पण हे तुम्ही मला का सांगताय? गुरवांना सांगा."

"ते काय म्हणतील?"

"ते मला ठाऊक नाही. तुम्ही उपाशी नाही आहात, ते आहेत."

मग त्यांनी कागदावर आकृती काढून दिली. दोन्ही झाडांच्या मधे आडवा चर खणायचा, चार-पाच फूट खोल. खालची जोडमुळी सापडली की ती तोडायची, दोन्ही टोकं चुन्याने बंद करायची. पंधरा दिवस थांबायचं. लहान झाडाने आपली मुळं पुरेशी धरलेली असली तर ते टिकेल. मग खुंटाला औषध. "टिकेलच असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आणि पाल्याचं लक्षात ठेवा. कुठे एखादी मुळी चुकली तर औषध पानात चढतं. एक वर्ष कोणी तो पाला वापरायचा नाही." खाली इंग्रजीत चार ओळी लिहून सही केली. चर खणल्याशिवाय औषध घालू नये, असा त्यांचा अर्थ होता.

पिंपरीला उतरलो तो घरी न जाता देवळाकडे गेलो. तुकाराम गुरव समईची वात करत होते. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं, "मामा, बेल माझ्यामुळे वाळला. औषधामुळे. देवाचा काही संबंध नाही."

मला शिव्यांची अपेक्षा होती. त्यांनी वात खाली ठेवली.

"म्हंजे... माझं काय चुकलं न्हवतं?"

"काही नाही चुकलं, मामा."

"पूजेत काय खोट न्हवती?"

"नव्हती."

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. उपरण्याचं टोक डोळ्याला लावून ते रडत राहिले आणि मी शेजारी बसून राहिलो. मग म्हणाले, "आधी सांगायचं रं बाबा." एवढंच. राग त्यांना नंतर आला, दोन दिवसांनी. तेव्हा रस्त्यात माझ्याशी बोलले नाहीत. तो त्यांचा हक्क होता. पण उपास त्याच दिवशी सुटले. पुढे मी कोकणातून बेलाचं रोप आणून दिलं, ते त्यांनी मुकाट्याने घेतलं आणि लावलं.

बाईंचा कागद बापटसाहेबांपुढे ठेवला. सही आणि शिक्का पाहून ते जरा नरमले. "खणायला चार दिवस," ते म्हणाले, "आणि माणसं दोनच मिळतील."

त्या दोघांबरोबर मीही पहार घेतली. भिंतीच्या पलीकडे, ठकूबाईच्या हद्दीत चर खणायला लागलो. खाली मुरूम लागला तसं काम अंगावर येऊ लागलं. ठकूबाई सकाळ-संध्याकाळ येऊन काठावर बसायची. मी तिला सगळं सांगून टाकलं होतं. ह्या वेळी एकही शब्द मागे ठेवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुळी सापडली. मनगटाहून जाड, सरळ भिंतीखालून आलेली. मी माती बाजूला केली, हाताने पुसून घेतली. एक लहान करवत मागवली. ठकूबाई म्हणाली, "थांब जरा." खाली वाकून तिने मुळीवर हात ठेवला. गरोदर बाईच्या पोटावर सुईण हात ठेवते तसा.

"नाळच हाय की रं ही," ती म्हणाली. "कापावी तर लागतीच." आणि उठून बाजूला झाली.

मी कापली. दोन्ही टोकांना चुना लिंपला. चौथ्या दिवशी आणखी दोन बारीक मुळ्या मिळाल्या, त्याही तोडल्या. पंधरा दिवसांनी खुंटाचा वरचा थर कापून ताजा केला आणि रेघ भिजवली.  

आता वाट बघणं आलं. आणि फाल्गुनात लिंबाची पानं पिवळी पडायला लागली.

कडुलिंब फाल्गुनात पान गाळतोच. हे मला माहीत होतं, ठकूबाईला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण गाळतोय की मरतोय, हे बघून कसं कळायचं? रोज जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीपलीकडे जायचो. एखादी काडी नखाने खरवडायचो. आत हिरवं दिसलं की परत यायचो. एक दिवस एका काडीत हिरवं दिसलं नाही. मी दुसरी खरवडली नाही, तसाच परत आलो. त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

ठकूबाई मला काही विचारायची नाही. झाडाखालचा पाला झाडून काढायची, तोही म्हशीला लागू नये म्हणून चरात लोटायची. एकदाच म्हणाली, "तू इतका वाळू नगंस. ती जायची आसंल तर जाईल."

पाडव्याच्या आठ दिवस आधी हिरा आली. उंच, सावळी, चेहऱ्यावर देवीचे वण. आणि त्याच आठवड्यात लिंबाच्या बोडक्या फांद्यांच्या टोकाला तांबूस चकचकीत पानं दिसायला लागली. आधी दोन-तीन ठिकाणी, मग सगळीकडे. मी भिंतीवरून ते पाहिलं आणि खाली उतरून उगाचच एका फिटरच्या पाठीत थाप मारली. तो म्हणाला, "काय झालं राव?" मी नुसतं वरच्या पानांकडे बोट दाखवलं.

पाडव्याच्या सकाळी ठकूबाई फाटकाशी आली. हातात केळीच्या पानावर लिंबाची कोवळी पानं, गूळ, भिजलेली डाळ. "घे," ती म्हणाली. "तुझ्यामुळं ऱ्हायली लेक. पैला घास तुझा."

इतक्या मायेने कोणी काही दिलं की हात आपोआप पुढे होतो. माझा झालाही. मग मागे घेतला.

"मावशी, यंदा नको. तुम्हीसुद्धा खाऊ नका. सांगितलं होतं ना, वर्षभर ह्या झाडाचा पाला कोणी तोंडात घालायचा नाही."

तिचा चेहरा उतरला. "हिरवं झालं की आता. म्हनलं, उतरलं आसंल औशिद."

"झाड जगलं. पण पानात काय चढलंय ते मला दिसत नाही."

"आन् हिराला? पहाटेपासनं बारीक कळा देतीय. आज-उद्या मोकळी हुईल. तिला, बाळाला न्हायला पानी?"

"त्यालाही नको."

सणाच्या दिवशी हातातलं पान घेऊन ती तशीच उभी राहिली. तिच्यावर असा दिवस मीच आणला होता. मी म्हणालो, "पाला मी आणून देतो."

त्याच दिवशी हिराला मुलगी झाली. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे सायकल काढायला लागलो. आमच्या बाजूचे बरेच कडुलिंब मीच संपवले होते. जे उरले होते त्यांच्या जवळपास कुठे ना कुठे माझं औषध पडलेलं, त्यांच्यावर माझा भरवसा नव्हता. म्हणून पवना ओलांडून काळेवाडीला जायचो. तिकडे तेव्हा शेतंच होती. नदीला उन्हाळ्यात घोट्यापर्यंत पाणी असे. सायकल खांद्यावर घेऊन उतरायचो, एका शेतकऱ्याला सांगून त्याच्या बांधावरच्या लिंबाच्या डहाळ्या तोडायचो, कॅरियरला बांधून परत. ठकूबाईच्या दारात पाला टाकायचा आणि आठाच्या भोंग्याला फाटकात हजर. असं सव्वा महिना चाललं.

ज्याने खुंट मारायचे तो रोज सायकलला हिरवा पाला बांधून ठकूबाईच्या दारी जातो, ही गोष्ट कारखान्यात पसरायला वेळ लागला नाही. माझ्या कपड्यांना कडू वास यायचा. बापटसाहेबांनी एकदा थांबवून विचारलं, "गणपत, हे काय चालवलंयस?" मी सांगितलं. त्यानंतर कोणत्याही खुंटाला औषध घालायचं असलं की आधी ते मला विचारत, "ह्याचे नातेवाईक बघितलेस ना?"

हिरा सव्वा महिन्याने सासरी निघाली तेव्हा तिने मुलगी माझ्या हातात दिली. मला तोवर मूल धरायची सवय नव्हती. मी हात धुतले का, हेच आधी मनात आलं. धुतले होते, तरी पुन्हा धुऊन आलो. हिरा हसली आणि म्हणाली, "दादा, हिच्या अंगाला तुमच्या पाल्याचाच वास येतोय की."

वर्ष गेलं. गटार पुन्हा तुंबलं नाही. आतला खुंट पावसाळ्यात मऊ पडला, त्याच्यावर आळंब्या उगवल्या. बाहेरच्या लिंबाने एक नवी फांदी छपरावर टाकली. वत्सलाबाई एकदा मुद्दाम येऊन झाड बघून गेल्या. पुढच्या ट्रेनिंगला त्यांनी मला बोलावून घेतलं आणि नव्या माणसांना मुळी खणून दाखवायचं काम माझ्याकडे दिलं. ते मी पुढे बरीच वर्षं केलं. औषधं बदलली, त्यांतली काही वाईट निघाली आणि बंद झाली, पण पहिले दोन दिवस डबा दाखवायचा नाही हा नियम मी मोडला नाही.

पुढच्या पाडव्याला मी स्वतःहून ठकूबाईकडे गेलो. गुढी उभी होती, तिला लिंबाचा डहाळा बांधलेला. ठकूबाईने पानं पुढे केली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"झालं वरीस?"

"झालं."

"मग आधी तू खा," ती म्हणाली. "तू औशिदवाला. तुला काय झालं न्हाई तर मी खाते."

मी पानं तोंडात टाकली. ती माझ्यासमोर बसून, हनुवटी हातावर टेकवून, मी चावतोय ते बघत होती. गूळ तिने मुद्दाम दिला नव्हता.

"कसं लागतंय?"

"कडू," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं. "कडूजहर."

"मग बेस हाय," ठकूबाई म्हणाली आणि तिने आपला घास तोंडात घातला.